दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये वीस हर्ट्झ

मानसरोवर स्टेशनकडून कामोठ्यात शिरले की सेक्टरांमागून सेक्टर लागतात. खाली दुकाने, वर दोन बेडरूमचे फ्लॅट, एकाला एक चिकटलेल्या सोसायट्या. अशा एखाद्या फ्लॅटचा हॉल दहा बाय सोळा फुटांचा आणि साडेनऊ फूट उंच धरू. भिंती विटांच्या, डोक्यावर आणि पायाखाली पाच इंचांचा स्लॅब. घरात सिनेमागृहाचा दणका हवा असलेल्या माणसाला सबवूफर याच हॉलमध्ये बसवायचा असतो आणि त्याच स्लॅबच्या वर दुसरे कुणीतरी झोपलेले असते.

पुढे बोलणारी दोन माणसे कल्पनेतली आहेत, त्यांचे मुद्दे मात्र कुठल्याही सोसायटीत ऐकू येतील असे. एक तिशीतला तरुण, दुसऱ्या मजल्यावरचा. पनवेल-उरणच्या गावांत हळदीला साउंड सिस्टिम लावणाऱ्या एकाकडे त्याने काही वर्षे काम केले आहे. त्याच्या नेमक्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका राहतात. सोसायटीत लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणतात.

तरुणाचा बेत ठरलेला होता. अठरा इंची दोन ड्रायव्हर (पेटीत बसवायचे कोनवाले स्पीकर), प्रत्येकाला हजार वॉटचा अँप्लिफायर आणि हळदीत असतात तशा दोन पेट्या. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन भाव काढून आणायचे, एवढेच बाकी होते.

"बाई, हळदीला चार बेस चार टॉप लावले की छातीत जे बसतं ना, ते मला घरी सिनेमा बघताना हवंय. टीव्हीखालच्या साउंडबारमधून ते येणारच नाही."

"का येणार नाही, ते सांग. मोठा आहे म्हणून मोठा आवाज, एवढ्यावर मी मार्क देत नाही."

"खालचा सूर काढायचा म्हणजे हवा ढकलायची. साठ हर्ट्झला जेवढा आवाज येतो तेवढाच तीसला हवा असेल, तर तोच कोन चौपट पुढेमागे हलला पाहिजे. पंधराला हवा असेल तर सोळापट. कोनाला तेवढी जागाच नसते. मग उरतं काय, कोन मोठा घेणं. अठरा इंचीचं क्षेत्रफळ दहा इंचीच्या तिपटीहून जास्त भरतं."

बाईंनी मान हलवली. हिशेब बरोबर होता आणि तो वॉटच्या आकड्यापाशी अडकणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतो. पाचशे वॉटच्या जागी हजार वॉट दिले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. तेवढ्याच दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवून दोन्हींना पाचशे-पाचशे वॉट दिले, तर वाढ ६ डेसिबलची होते. खोल बेस हा आधी हवेच्या घनफळाचा मामला आहे, विजेचा नंतर.

"आणि अजून एक," तो म्हणाला, "मोठा ड्रायव्हर निवांत चालतो. छोटा ताणला की तीसच्या सुरात तो साठ आणि नव्वदचे सूर आपल्या मनाने मिसळतो. कान त्या वरच्या सुरांना जास्त तिखट, त्यामुळे बेस फाटल्यासारखा वाटतो. मोठा घेतला म्हणजे मोठ्यानेच लावणार, असं नाही."

"हे मात्र मला पटलं. पण तुला पाहिजे ते किती डेसिबल?"

तरुणाला आकडा पाठ होता. १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर सिनेमागृहांत डॉल्बी डिजिटल आले आणि फाइव्ह पॉइंट वनमधला तो 'पॉइंट वन', म्हणजे फक्त खालच्या सुरांसाठी राखलेला वेगळा चॅनल, घराघरांतल्या बोलण्यात शिरला. सिनेमागृहासाठी ठरवलेल्या संदर्भ पातळीवर सिनेमा लावला तर मुख्य चॅनलचे शिखर बसण्याच्या जागी १०५ डेसिबल धरलेले असते आणि या बेसच्या चॅनलचे ११५.

"एकशे पंधरा," बाई म्हणाल्या. "हा आकडा कागदावर लिहून ठेव. तो माझ्या फरशीखालीच वाजणार आहे. पण आधी तुझ्याच हॉलचं बघू."

बाईंचा पहिला मुद्दा खोलीचा होता आणि या वादातला तोच सर्वांत कसदार आहे. हळदीचा मांडव उघडा असतो. पेटीतून निघालेली लाट भातखाचरांवरून निघून जाते, परत येत नाही. हॉलमध्ये ती परत येते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर, म्हणजे वीस हर्ट्झच्या एका लाटेची लांबी सतरा मीटरांहून जास्त. सोळा फुटांच्या हॉलमध्ये ती मावतच नाही. ज्या लाटेची अर्धी लांबी खोलीच्या लांबीइतकी भरते, ती दोन भिंतींमध्ये अडकून स्वतःवरच चढत जाते. सोळा फूट म्हणजे ४.८८ मीटर, ३४५ला त्याच्या दुपटीने भागले की ३५ हर्ट्झ येतात. रुंदीचे दहा फूट घेतले तर ५७. साडेनऊ फुटांच्या उंचीचे ६०.

"म्हणजे सत्तावन्न आणि साठ जवळजवळ एकावर एक बसले," तरुण म्हणाला.

"बसले ना. रुंदी आणि उंची सारखी असलेल्या खोलीत हेच होतं. त्या पट्ट्यातला प्रत्येक ठोका ताणला जाईल, एकाचं शेपूट दुसऱ्यावर पडेल. तू म्हणशील बेस जोरात आहे. तो जोरात नसतो रे, तो थांबत नसतो."

"अमेरिकेतले लोक तर अशाच खोल्यांत चार-चार लावतात."

"त्यांच्या घरांच्या भिंती बऱ्याचदा लाकडी सांगाड्यावर जिप्समचे बोर्ड ठोकलेल्या असतात. त्या थरथरतात, थोडा बेस गिळतात, थोडा बाहेर सोडतात. आपल्याकडे विटा आणि काँक्रीट. ते काही गिळत नाहीत, सगळं परत फेकतात. त्यांचं वाचून आपण पेट्या मागवतो आणि खोली मात्र आपली असते."

तरुणाचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. भिंतीपाशी दाब सर्वांत जास्त, म्हणून ३५ हर्ट्झ तिथे फुगणार. सोफा ओढून हॉलच्या मध्यावर आणला तर तोच ३५चा सूर जवळजवळ नाहीसा होणार, कारण लांबीच्या बरोबर मधोमध त्या लाटेचा दाब शून्याला पोचतो. इक्वलायझरने तो खड्डा भरता येत नाही. बटण जितके वर ढकलावे तितकी लाट भिंतीपाशी वाढते, मधे शून्य ते शून्यच राहते, अँप्लिफायर मात्र घामाघूम होतो. फुगवटा इक्वलायझरने कापता येतो, खड्डा बुजवता येत नाही, हे ज्याला उमगले त्याचे पुढचे निम्मे पैसे वाचतात.

यावर उपाय आहे आणि तो तरुणाच्या बाजूचा आहे: एकाऐवजी दोन सबवूफर. हर्मन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे एक निबंध वाचला, किती सबवूफर पुरेत याच प्रश्नावर. आयताकृती खोलीत वेगवेगळ्या जागा तपासून त्यांनी दाखवले की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला तर बसण्याच्या सगळ्या जागांवरचा बेस बराच एकसारखा होतो. चार भिंतींच्या मध्यावर चार ठेवले तर आणखी चांगला. चाराच्या पुढे फारसा फायदा नाही. कारणही सुंदर आहे. दोन टोकांना एकाच वेळी ढकलणारे दोन कोन असले की लांबीची पहिली लाट उभीच राहत नाही, आणि दोन्ही रुंदीच्या मधोमध असल्यामुळे ५७ची आडवी लाटही उठत नाही.

"बघा! म्हणजे दोन घ्यायलाच हवेत," तो खूश झाला.

"दोन घे. अठरा इंचीच कशाला, ते अजून सिद्ध झालेलं नाही. आणि साठचं काय केलंस? ती लाट उभी आहे, खालून वर. तुझी पेटी जमिनीवर, तिथे तिचा दाब सर्वांत जास्त. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साडेतीन फुटांवर, म्हणजे उंचीच्या मध्याच्या जरासा खाली. तिथे ती लाट बरीच पडलेली असते. म्हणून तुला साठ कमी ऐकू येणार. तू काय करणार? आवाज वाढवणार. आणि छताशी तिचा दाब पुन्हा पूर्ण. छत म्हणजे कोण?"

"तुमची फरशी," तरुण हळूच म्हणाला.

"माझ्या मांडणीवरच्या वाट्या का वाजणार, ते मला असं आकडेमोड करून कळलं."

खाली बसलेल्याला जो सूर सर्वांत कमी ऐकू येतो, तोच वरच्या घराला सर्वांत जोराने ढकलतो, ही गोष्ट भांडणाच्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही. खालचा शपथेवर सांगतो की आवाज फार नव्हता. वरचा शपथेवर सांगतो की घर हादरत होते. दोघेही खरे बोलत असतात.

मग गाण्याचा विषय निघाला. बाईंचे म्हणणे, ज्याच्यासाठी हा खटाटोप करायचा ते आपले संगीत एवढ्या खाली जातच नाही. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गवयाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९. शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत त्याखाली फारसे काही नसते. "चाळीसपर्यंत स्वच्छ जाणारा एक छोटा सबवूफर मला पुरे. माझ्या सगळ्या सीडी त्यात आल्या."

"तुमच्या आल्या, माझ्या नाही आल्या. 'सैराट'चंच घ्या. अजय-अतुलनी त्याचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला. तिथल्या डबल बेसची सर्वांत खालची तार एक्केचाळीस हर्ट्झची. पाच तारांचं बेस गिटार एकतीसपर्यंत उतरतं. पियानोची शेवटची पट्टी साडेसत्तावीस. आणि सिनेमातला भूकंप, विमान, स्फोट, हे तर वीसच्याही खाली. ते ऐकू कमी येतं, अंगाला कळतं. तेवढ्याचसाठी तर हे सगळं."

इथे तरुणाची बाजू बळकट आहे. दिग्दर्शकाने आणि ध्वनिसंयोजकाने जे घातले आहे ते पूर्ण ऐकण्याची हौस ही चैन आहे असे म्हणून ती झटकून टाकता येत नाही. तंबोऱ्याची जवारी कानात साठवणाऱ्या माणसाने तरी ती झटकू नये. बाईंनी ती झटकली नाही. त्यांनी पेटीकडे मोर्चा वळवला.

"तुला वीस हर्ट्झ हवेत ना? मग हळदीच्या पेट्या घेऊन काय उपयोग? त्या किती खाली जातात?"

उत्तर त्याला स्वतःच्या धंद्यातून माहीत होते. मैदानात वाजणाऱ्या अठरा इंची पेट्यांना पुढून भोक असते आणि त्या बहुधा चाळीस हर्ट्झच्या आसपास बांधलेल्या असतात. त्या टप्प्यावर भोकातली हवाही वाजते आणि थोड्या वॉटमध्ये प्रचंड आवाज निघतो. मांडवासाठी तेच हवे. त्याच्या खाली मात्र आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो आणि कोन हवेचा आधार सुटून मोकाट हलू लागतो. वीस हर्ट्झ म्हणजे चाळीसच्या खाली बरोबर एक सप्तक. छातीत बसणारा हळदीचा बेस आणि सिनेमातला जमीन हलवणारा बेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बंद पेटीचा उतार सौम्य असतो, दर सप्तकाला १२ डेसिबल. लहान बंद पेटीतून खोल बेस काढण्याची युक्ती एडगर विल्चर यांनी रूढ केली. १९५४ साली अमेरिकेत त्यांनी आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि एआर-१ हा स्पीकर आणला. कोनाला मागे खेचायला ताठ कडेऐवजी पेटीतल्या कोंडलेल्या हवेचीच स्प्रिंग वापरली आणि पुस्तकांच्या कपाटात मावणाऱ्या पेटीतून लोकांनी कधी न ऐकलेला बेस काढून दाखवला. भोकाच्या पेटीचे गणित पुढे १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी मांडले, रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ते पूर्ण केले. ड्रायव्हरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे जे आकडे छापलेले असतात ते या दोघांच्या नावाने ओळखले जातात. ते आकडे न छापणारा ड्रायव्हर, कितीही वॉट लिहिलेले असोत, घेऊ नये. त्यांच्याशिवाय पेटीचे माप काढणे म्हणजे अंदाजपंचे.

बंद पेटी कामोठ्याच्या हॉलला आणखी एका कारणाने साजते. खोलीच्या सर्वांत खालच्या लाटेच्याही खाली, इथे ३५ हर्ट्झच्या खाली, लाट म्हणून काही उरत नाही. कोन अख्ख्या खोलीतली हवा एकदम दाबतो आणि सोडतो, आणि खाली जावे तसा खोली आवाज वाढवत नेते. पेटी १२ डेसिबलने पडते आणि खोली त्यातला बराच भाग भरून काढते. सरकत्या खिडक्यांच्या फटी आणि उघडे पॅसेज यांतून काही निसटते, पण काँक्रीटच्या खोक्यात ही मदत लाकडी घरापेक्षा चांगली मिळते. जे काँक्रीट साठ हर्ट्झला वैरी होते, तेच वीसला सोबती.

"बारा इंची दोन, बंद पेटीत," बाई म्हणाल्या. "प्रत्येकी चाळीस ते साठ लिटर. अठरा इंची भोकाच्या पेटीला दोनशे लिटर लागतात, म्हणजे एका दाराचा फ्रिज. असे दोन फ्रिज हॉलमध्ये ठेवून तू बसणार कुठे?"

तरुण हसला, पण हरला नाही. बारा इंची दोन्हींचे मिळून क्षेत्रफळ एका अठरा इंचीपेक्षा जरासे कमीच भरते, हे त्याने बोटावर मोजून दाखवले. वीस हर्ट्झला ११५ डेसिबल त्यातून निघणार नाहीत.

"मला ते निघायला नकोच आहेत. चार बारा इंची कर पुढे वाटलं तर, वेल्टीसाहेबांच्या चार भिंतींना. पसरलेला बेस एका जागी कोंबलेल्या बेसपेक्षा बरा."

पेटी सुताराकडून करून घ्यायची यावर मात्र दोघांचे एकमत झाले. परदेशी व्हिडिओंत सगळे एमडीएफ वापरतात. तो जड आणि घट्ट असतो, पण खाडीकाठच्या पावसाळ्यात त्याच्या कडा ओल पितात, फुगतात आणि स्क्रू पकड सोडतात. इथे अठरा मिलिमीटरचा मरीन प्लाय बरा, आयएस ७१० हा शिक्का पाहून घेतलेला. आतून आडव्या पट्ट्या, सांध्यांना फेविकॉल आणि स्क्रू, शिवाय आतल्या कडांना सिलिकॉन. बंद पेटी खरोखर बंद हवी. एक बारीक फट राहिली तर जोराच्या ठोक्याला ती शिट्टी वाजवते. हातात करवत घेण्याआधी ड्रायव्हर घरात आलेला असावा. कागदावरचा व्यास आणि प्रत्यक्षातला व्यास यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघतो आणि मग सुतार रागावतो. हा ड्रायव्हर मानसरोवरहून हार्बरने कुर्ला, दादर आणि मग ग्रँट रोड असा जाऊन लोकलमधून आणणे बारा इंचीपर्यंत जमते. अठरा इंचीला गर्दीच्या वेळी डब्यात जागा मागणे अवघड, हा बाईंचा जोड मुद्दाही वाजवी होता.

विजेचे एक छोटे प्रकरण. सबवूफर चालू केल्याबरोबर बारीक घूं ऐकू येते ती बहुधा ५० हर्ट्झची किंवा तिच्या दुपटीची, म्हणजे महावितरणच्या पुरवठ्याचीच. रिसीव्हर एका भिंतीवर, सबवूफर दुसऱ्या, शिवाय केबलची तार सेट टॉप बॉक्समधून आलेली. या सगळ्यांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी जोडली गेली की वर्तुळ तयार होते आणि त्यातून ही घूं येते. सगळे एकाच बोर्डावर घेणे किंवा केबलच्या तारेला आयसोलेटर लावणे हा उपाय. काही जण अर्थिंगची पिन काढून टाकतात. त्याने घूं जाते आणि धातूच्या पेटीला हात लावणाऱ्या माणसाचे संरक्षणही जाते. हे कधीही करू नये.

आता बाईंनी कागदावरचा तो आकडा पुढे ओढला.

"एकशे पंधरा. पाच इंचांचा स्लॅब, चौरस मीटरला तीनशे किलो वजन. जड भिंत आवाज अडवते, पण वरचे सूर जास्त आणि खालचे कमी. ढोबळ हिशेबाने हा स्लॅब हजार हर्ट्झला पन्नासहून जास्त डेसिबल अडवतो, तीसला साधारण तीस. सिनेमातली माणसं ऐंशी डेसिबलने बोलतात, ती माझ्याकडे पोचत नाहीत. तुझा बेस एकशे पंधरा उणे तीस, पंच्याऐंशीने पोचतो. मला गोष्ट कळत नाही, संवाद कळत नाहीत, नुसते ठोके. पुढचा कधी येणार तेही कळत नाही."

"पण कायद्याने किती चालतं? दहाच्या आत तर चालतंच ना?"

कायद्याचे उत्तर दोघांनाही अस्वस्थ करणारे आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. खासगी साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. म्हणजे रात्री ५०. पण हे डेसिबल 'ए' पट्टीवर मोजायचे असतात. ही पट्टी माणसाच्या कानासारखी, खालच्या सुरांना बहिरी. ३१.५ हर्ट्झला ती ३९ डेसिबल वजा करते. बाईंच्या खोलीत पोचलेले ८५ डेसिबल मीटरवर दिसतील ४६ म्हणून. मध्यरात्री संदर्भ पातळीवरचा भूकंप या हिशेबाने नियमात बसतो.

"मग झालं तर," असे तरुण म्हणाला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. त्याने विचारले, "म्हणजे मीटर खोटं बोलतो?"

"खोटं नाही बोलत. तेवढा सूर कानाला खरंच मध्यम आवाजाच्या पस्तीस डेसिबलएवढाच वाटतो. पण एक तर इतक्या खाली ऐकू येण्याचा उंबरठाच साठ डेसिबलवर आहे आणि तो ओलांडला की आवाज भराभर वाढतो. वरच्या सुरांना दहा डेसिबल वाढले की दुप्पट वाटतो, इथे पाच-सहातच. तू रिमोट दोन घरं वर केलास की माझ्याकडे काहीच नव्हतं तिथे एकदम काहीतरी असतं. दुसरं म्हणजे वाट्या आणि खिडकीच्या काचा 'ए' पट्टी वाचून थरथरत नाहीत."

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक तत्त्वांत हेच वेगळ्या शब्दांत आहे. झोपण्याच्या खोलीसाठी ३० डेसिबल सांगताना त्यांनी बजावले की आवाजात खालचे सूर जास्त असतील तर 'ए' पट्टी पुरेशी नाही आणि मर्यादा आणखी खाली हवी. डेन्मार्कमध्ये कारखान्यांच्या खर्जातल्या घरघरीसाठी १० ते १६० हर्ट्झ एवढाच पट्टा वेगळा मोजतात आणि घरात रात्री २० डेसिबलची मर्यादा सुचवतात. आपल्या नियमात असा वेगळा पट्टा नाही. कामोठे पोलीस ठाण्यात तक्रार गेली आणि कुणी मीटर घेऊन आले, तरी बाईंच्या वाट्यांची नोंद त्यात होणार नाही. म्हणून हा प्रश्न नियमाच्या कडेवर सोडवता येत नाही, तो दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्येच सोडवावा लागतो.

तरुणाने उपायांची यादी केली. त्यातली पहिली वस्तू बाईंनीच खोडली: पेटीखालचे रबरी पाय. पेटीचा थरकाप फरशीत उतरतो तो त्यांनी कमी होतो, खालच्या घराला थोडा दिलासा मिळतो आणि स्वतःच्या हॉलमधला शोकेसचा खडखडाट थांबतो. पण वर जाणारा बेस मुख्यतः हवेतून जातो. हवेला रबरी पाय बसवता येत नाहीत.

दुसरी कामाची निघाली: सबवूफर सोफ्याला खेटून ठेवणे, साइड टेबलाच्या जागी. कान जितका जवळ तितका पेटीचा थेट आवाज जास्त, म्हणून खोलीभर कमी वाजवूनही तोच ठोका मिळतो. लाटा इतक्या लांब आणि खोली इतकी लहान असताना पुस्तकातले अंतर निम्म्याला ६ डेसिबल हे गणित पूर्ण लागू होत नाही, पण काही डेसिबल पदरात पडतात. दोन सबवूफरांपैकी मागच्या भिंतीचा असाही सोफ्यापाशीच येतो.

तिसरी वस्तू बाईंना ठाऊक नव्हती. सोफ्याच्या चौकटीला खालून बोल्टने बसवायचा शेकर, सबवूफरचाच सिग्नल घेऊन हवेऐवजी लाकूड हलवणारा. सोफ्याच्या पायांखाली मात्र रबर हवे, नाहीतर तोच हादरा फरशीत जाईल. रात्री दहानंतर सबवूफर बराच खाली आणि शेकर चालू, असे केले तर भूकंप अंगाला कळतो आणि स्लॅबला जवळजवळ कळत नाही.

"छातीत बसेल का?" बाईंनी विचारले.

"छातीत नाही, कमरेत. तेवढं तर तेवढं," तो म्हणाला. आवाजात थोडी निराशा होती आणि ती खरी होती. शेकर हा बेसचा पर्याय नाही, रात्रीची तडजोड आहे. दिवसा तो आपले बारा इंची मोकळे सोडणार होताच.

उरला साठ हर्ट्झ. त्यासाठी कान पुरत नाहीत, मोजमाप लागते. यूमिक-१सारखा यूएसबी मायक्रोफोन आणि आरईडब्ल्यू हा फुकट मिळणारा प्रोग्राम लॅपटॉपवर घातला की वीसपासून दोनशेपर्यंतचा आलेख काही मिनिटांत निघतो. तरुण फक्त सोफ्यावर मोजणार होता. बाईंनी सांगितले की तेच मोजमाप माझ्या खोलीतही घ्यायचे, मायक्रोफोन वर आणून. दोन आलेख शेजारी ठेवले की सोफ्यावर खड्डा आणि वर शिखर असलेला सूर आपोआप उघडा पडेल. त्या सुरावर इक्वलायझरने अरुंद काप द्यायचा, भर द्यायची नाही. सोफ्यावर तो आधीच कमी ऐकू येतो, त्यामुळे कापल्याने ऐकणाऱ्याचे फार जात नाही आणि वरच्याचे बरेच वाचते. काही रिसीव्हरांत ऑडिसी कंपनीचे बेस बाहेर जाऊ न देणारे सेटिंगही असते आणि रात्रीसाठी मोठ्या-लहान आवाजातले अंतर कमी करणारे बटण तर बहुतेक सगळ्यांत असते. ती वापरून पाहायला पैसे पडत नाहीत.

मोजायची वेळ पेट्या बसल्यानंतरच्या रविवारी सकाळी अकराची ठरली, रस्त्यावर वर्दळ असताना. क्रमही ठरला. आधी तरुण एकेक सूर खाली खाली आणत वाजवेल, बाई मांडणीपाशी फोन घेऊन उभ्या राहतील आणि वाटी वाजली की आकडा सांगतील. मग मायक्रोफोन वर. मग काप. मग तोच सिनेमा दोनदा, एकदा कापाशिवाय, एकदा कापासह, आणि दोन्ही वेळा बाई वर आणि तरुण खाली.

"आणि गणपतीत?" निघता निघता त्याने विचारले. "पंधरा दिवस तर बारापर्यंत सूट असते."

"ती सूट सरकार सार्वजनिक कार्यक्रमांसाठी देतं, वर्षभरात सगळे मिळून जास्तीत जास्त पंधरा दिवस आणि दहा ते बारा एवढंच. तुझ्या हॉलमधल्या सिनेमाला ती नाही. बाप्पा बसले की दुपारी लाव, मी खाली येऊन बघेन. तो 'सैराट'चा वाद्यवृंद मलाही ऐकायचाय, एक्केचाळीस हर्ट्झच्या तारेसकट."

सुताराला द्यायच्या कागदावर तरुणाने दोन बंद पेट्यांची मापे लिहिली, प्रत्येकी पन्नास लिटर. खाली पेन्सिलने आणखी दोन पेट्यांची जागा त्याने रिकामी सोडली आहे, बाजूच्या भिंतींच्या मध्यावर. बाईंनी ती पाहिली आणि रविवारचे दोन आलेख येईपर्यंत त्यावर बोलणे पुढे ढकलले.